सनीव्हेल येथील माध्यान्ह भोजन

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस सुमारे ६५ किलोमीटरवर सनीव्हेल हे उपनगरवजा शहर वसलेले आहे. १९१२ साली त्यास शहराचा दर्जा मिळाला, तेव्हा येथे चेरी, जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागा होत्या. आज लोकसंख्या दीड लाखाहून किंचित अधिक आहे आणि बागांच्या जागी संगणक कंपन्यांची कार्यालये उभी आहेत. लिबी कंपनीच्या जुन्या फळकारखान्याची पाण्याची टाकी मात्र जपून ठेवलेली आहे. तिच्यावर फळांच्या डब्याचे लेबल रंगवलेले दिसते.

शहरातून जाणाऱ्या एल कमिनो रिअल या हमरस्त्यावर भारतीय उपाहारगृहे थोड्याथोड्या अंतरावर लागतात. दुपारी बारा ते दोन या वेळेत त्यांत कार्यालयीन कर्मचाऱ्यांची गर्दी असते. रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणाऱ्या श्रावकास या दुपारच्या जेवणाचे महत्त्व इतरांहून अधिक वाटते. जूनमध्ये येथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे काम आटोपून घरी जेवता येते. डिसेंबरच्या आरंभी तोच सूर्य पाचला दहा मिनिटे कमी असतानाच अस्तास जातो. नोकरदारासाठी दुपारचे ताट हेच दिवसाचे शेवटचे पूर्ण भोजन ठरते.

पर्याय तीन प्रकारचे आहेत. पहिला बुफेचा. एका ठरलेल्या किमतीत हवे तेवढे वाढून घेता येते. परंतु बहुतेक ठिकाणी शाकाहारी व मांसाहारी पदार्थ शेजारीशेजारी असतात, एकाचा डाव दुसऱ्यात जातो आणि जवळजवळ प्रत्येक रश्शाचा पाया कांदा-लसणाचाच असतो. दुसरा पर्याय दाक्षिणात्य शुद्ध शाकाहारी उपाहारगृहांचा. तेथे मांसाची चिंता नाही, मात्र सांबारात कांदा, पोंगलात आले आणि डोशात बटाटा असतो. साधा डोसा, दहीभात, नारळाची चटणी असे निवडून पोट भरता येते. रात्रभर आंबवलेले पीठ ज्यांना वर्ज्य आहे, त्यांना तेही चालत नाही. तिसरा पर्याय चाट व गुजराती पदार्थांच्या दुकानांचा. तेथे ‘जैन’ हा शब्द सहसा समजतो आणि पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चे केळे घालून मिळते. कोणताही पर्याय घेतला तरी विक्रीकर आणि टिप मिळून छापील किमतीवर सुमारे पाव हिस्सा वाढतो, हेही लक्षात ठेवावे.

खरी अडचण शब्दांची आहे. अमेरिकेत ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर अंडे चालते असे गृहीत धरले जाते. काही ठिकाणी नानच्या पिठातही ते असते. ‘व्हीगन’ म्हटल्यास तूप-दही जाते, पण बटाटा, कांदा, गाजर राहते. म्हणून पदार्थागणिक विचारावे लागते.

हे विचारणेच सांगलीकडून आलेल्या एका वृद्ध दांपत्यास जड गेले. मुलाकडे नोव्हेंबरात आल्यावर पहिल्या रविवारी तिघे बाहेर जेवावयास गेले. वडिलांनी वाढप्यास तीनदा प्रश्न विचारले, मागे रांग खोळंबली आणि मुलाची मान खाली गेली. परत येताना आई एवढेच म्हणाली, “आमच्यामुळे तुला कमीपणा नको. तू जा मित्रांबरोबर, आम्ही घरी वरणभात करून घेऊ.” त्यानंतर तीन रविवार दोघे घरीच राहिले.

चौथ्या रविवारी मुलगा त्यांना जवळच्या मिलपिटास येथील जैन भवनात घेऊन गेला. २००० साली झालेल्या या मंदिरात दिगंबर व श्वेतांबर, दोन्ही परंपरांच्या मूर्ती आहेत. दर्शनानंतर आई आवारात बराच वेळ इतर कुटुंबांशी बोलत बसली. येताना तिच्या हाती चार उपाहारगृहांची नावे होती. वाटेत त्यांपैकी एकात गाडी थांबली. या वेळी गल्ल्यावर मुलगा पुढे झाला. “भाजीत आले आहे का? मग तेवढे वगळून वेगळी कराल का?” असे त्याने शांतपणे विचारले. आतून आचारी बाहेर आला, वीस मिनिटे लागतील म्हणाला, आणि दुधीची भाजी वेगळी करून आणली.

त्या दिवसापासून वडिलांनी एका वहीत नोंदी ठेवण्यास आरंभ केला: कोठे काय वगळून मिळते, किती वेळ आधी फोन करावा, नानमध्ये अंडे आहे की नाही. मार्चमध्ये सांगलीस परतताना ते पान त्यांनी मुलाच्या फ्रिजवर लावून ठेवले. पुढे दशलक्षण पर्वात मुलाने त्याचे छायाचित्र पाठवले. यादीच्या शेवटी त्याच्या अक्षरात दोन नवी नावे होती.