आन तुझं काय?

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, तेव्हा जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात कापसाची वेचणी चालू होती. बाजेखाली शेगडी, कानाला रुमाल, ताटात बाजरीची भाकर अन् शेपूची भाजी, उशाशी डिंकाचे लाडू. कशाची म्हणून कमी नव्हती. तरी लेकरू रडलं की मी डोळे मिटून घ्यायचे. झोपेचं सोंग. आई उठून त्याला घ्यायची, तेव्हा मला हायसं वाटायचं आणि लगेच स्वतःचीच चीड यायची.

बघायला येणाऱ्या बाया विचारायच्या, "दूध पुरतंय का? वजन किती भरलं? कोणावर गेलंय?" मी नुसती मान हलवायचे. "रडू नको माय, दूध आटतं," असं एकजण म्हणाली. मग मी रात्री गोधडीत तोंड खुपसून रडायला शिकले.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. १४ व्या दिवशी त्यांनी लेकराला झोळीच्या काट्यावर तोललं, आकडा लिहिला अन् वही मिटता मिटता विचारलं, "आन तुझं काय? झोप लागती का?"

मी सगळं सांगून टाकलं. सोंगाचंसुद्धा.

ताई म्हणाल्या, "पहिले काही दिवस लई जणींचं मन भरून येतं, आपोआप निवळतं. पण दोन आठवडे झाले तरी निवळंना, तर अंगावर काढायचं नसतं. ताप आल्यावर जातोच ना दवाखान्यात?"

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या आईचा हात थांबला. "तुझ्या वक्ताला मी बी अशीच डोळे मिटून पडायची," ती म्हणाली. "सासूबाई उचलतीन म्हणून. आजवर कोणाला बोलले नाही."

माझ्या वयाएवढी वर्षं तिनं हे एकटीनं सांभाळलं होतं.

आम्ही परभणीला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या दिल्या. अर्धी रात्र लेकराला आई बघू लागली, म्हणून मला सलग झोप मिळाली. बरं वाटायला काही आठवडे लागलेच.

एका सकाळी आईनं न्हाणीत पाट मांडला. "आज तू घाल अंघोळ."

मी पाय लांब करून लेकराला नडग्यांवर घेतलं. पाणी कोपरानं तपासलं. हात कापत होते. पहिला तांब्या ओतला तसं ते मोठ्यानं रडलं.

मी डोळे मिटले नाहीत.