तेरा भागांची मालिका

वसतिगृहातल्या माझ्या ट्रंकेत एक दोनशे पानी वही आहे. तिच्यावर 'विज्ञान मालिका : भाग १ ते १३' असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. आत एकही भाग पूर्ण नाही! दहावीच्या सुट्टीत मित्राच्या मोबाईलवर 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचे जुने भाग पाहिले आणि आम्हा दोघांच्या अंगात आले. (१९८०च्या दशकात ती दूरदर्शनवरही लागत असे, आमच्या काही सरांना आठवत असेल.) मी कथा लिहायच्या, मित्राने दिग्दर्शन करायचे असे ठरले. पैसा कोण देणार, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

पहिली कथा आपल्या शकुंतला रेल्वेची. यवतमाळ-मूर्तिजापूर ही बंद पडलेली गाडी एका रात्री आपोआप सुटते आणि मंगळावर पोचते. ती तिथे का जाते, हे मलाच सांगता येईना. दुसरी कथा फवारणी करणाऱ्या यंत्रमानवाची. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात माणसे दगावली, तेव्हा मी सहावीत होतो. बाबा स्वतःचे तीन एकर सांभाळून दुसऱ्यांच्या वावरात फवारणीला जात. यंत्राला विष बाधत नाही, म्हणून ती कल्पना मला फार आवडली होती. मित्र म्हणाला, "मंग तुह्या बाबाले रोजी कोन देईन?" मी दोन्ही पानांवर काट मारली.

तिसऱ्या कथेला मात्र मी वीस पाने दिली. एका शेतकऱ्याच्या घरी लहानसा यंत्रमानव असतो. तो सातबारा वाचतो, पीककर्जाचा अर्ज भरतो, साहेबाचे बोलणे मालकाला समजावून सांगतो. मालक तो दाखवील तिथे अंगठा उमटवतो. पुढे यंत्राला दुरुस्तीसाठी शहरात नेतात आणि ते परत यायला तयार होत नाही... इथे लेखणी थांबली. कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बाबांशेजारी बाकावर बसणारा तो यंत्रमानव कोण, हे मला कळून चुकले होते. वही ट्रंकेच्या तळाशी गेली.

यंदा अर्धवट राहिलेल्या कथांविषयी वाचनात आले. सत्यजित राय यांनी १९६७ साली 'द एलियन' ही पटकथा लिहिली. बंगालमधल्या एका खेड्यातल्या तळ्यात परग्रहावरचे यान उतरते, अशी ती कथा. हॉलीवूडपर्यंत बोलणी गेली, परंतु चित्रपट झालाच नाही. १९७७ साली 'स्टार ट्रेक'ची नवी मालिका ठरली, कथा लिहून झाल्या आणि बेत रद्द झाला. पहिल्या भागाच्या कथेवर १९७९ साली चित्रपट निघाला. 'द चाइल्ड' नावाची कथा मात्र तशीच पडून राहिली. १९८८ साली अमेरिकेत लेखकांचा संप झाला, तेव्हा ती बाहेर काढून, थोडी बदलून दुसऱ्याच मालिकेत वापरली गेली. संपामुळे का होईना, तिचे नशीब उघडले!

दिवाळीत मी ती वही घरी नेली. बाबा ओसरीवर बसले होते. त्यांना ती वीस पाने वाचून दाखवली. यंत्रमानव कोण, ते काही मी सांगितले नाही. ते बराच वेळ गप्प होते.

"मंग, वापस येते का नाही थे मशीन?"

"अजून लिहिलं नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले आणि खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. "हे वाच आधी."