उरलेली पट्टी

बोरी अरबच्या रस्त्याकडेला आमच्या शेजाऱ्यांचा जुना ट्रक उभा होता. त्याचे झिजलेले इंजिन काढून दुसरे बसविले होते. परंतु ते काही केल्या सुरू होईना. ट्रकमध्ये कापूस भरलेला आणि वर आभाळ दाटून आलेले! शेजाऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

दिवे लख्ख पेटत होते. अर्थात बॅटरी भरलेली होती. तरीही स्टार्टर नुसता ‘कट्’ असा आवाज करून गप्प बसे. मिस्त्रींनी तारांची टोके घासली, स्टार्टर उतरवून तपासला, सारे व्यर्थ.

त्यांचा तरुण मदतनीस चाचरत म्हणाला, “उस्ताद, ही तांब्याची पट्टी उरली आहे.”

“उरू दे! तू पाना दे,” मिस्त्री खेकसले.

दोन तासांनी त्यांनीच ती पट्टी उचलली आणि ते चपापले. इंजिन रबरी गाद्यांवर बसते. चासीशी त्याचा विद्युत्संबंध ती पट्टीच जोडते. दिव्यांच्या विजेला चासीतून परतीची वाट होती. स्टार्टरच्या विजेला ती उरली नव्हती. पट्टी आवळताच इंजिन धडधडू लागले.

मिस्त्री मदतनिसाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “पोरा, तुझे खरे होते. मी ऐकले नाही, चूक माझी.”

मी मान खाली घातली. वर्गात चाचरत उभ्या राहणाऱ्या कितीतरी मुलांना मी “खाली बस” म्हटले होते. माझ्याही हाती तेव्हा पट्टी असे. पण ती जोडणारी नव्हती.