पांढरीची तीट

माझ्या आईनं आणि काकूनं २९ वर्षं एकमेकींच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही. वाडा एक, आड एक, पण मधी कुडाची भिंत उभी राहिली. कारण काय, तर तीन पिल्लं. ऐकणारा हसतो. हसण्यासारखंच आहे ते. पण त्या भांडणात माझाही वाटा होता, आणि तो मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या खुराड्यात चार कोंबड्या उरल्या होत्या. तीन काळ्या आणि एक ठेंगणी तांबडी. तांबडीचे पाय एवढे आखूड की चालायला लागली तर पोट जमिनीला घासायचं. दुसऱ्या साली दादांनी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून लेगहॉर्न जातीचा एक कोंबडा आणला. पांढराशुभ्र, तुरा लालभडक. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देणार, ही जात दोनशेच्या वर जाते, असं दवाखान्यात सांगितलं होतं. काळ्या कोंबड्यांच्या अंड्यांतून त्याची जी पिल्लं निघाली, ती झाडून पांढरी. आईला लई नवल वाटलं. आया काळ्या, आणि लेकरं सगळी बापावर!

उन्हाळ्यात तो लेगहॉर्न मुंगसानं नेला. मागं त्याचा एक पांढरा लेक आणि एक पांढरी तलंग राहिली. तलंगीच्या पांढऱ्या पिसांत इथं तिथं काळे बारके ठिपके होते. आई म्हणायची, "दृष्ट लागू नये म्हणून देवानंच तीट लावली तिला." ती अंडी भरपूर द्यायची, पण खुडूक काही बसायची नाही.

१९७४ च्या दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेतलेली आई-दादा कोयता घेऊन साखर कारखान्यावर गेली. मी बारा वर्षांचा, सातवीत. शाळा बुडू नये म्हणून मला काकूपाशी ठेवलं. जायच्या आधी आईनं पांढरीची बारा अंडी निवडून ठेंगणी तांबडीखाली घातली. काकूला म्हणाली, "जाऊबाई, ह्या तलंगी झाल्या की मला पुन्हा कोयता धरावा लागायचा नाही."

एकविसाव्या दिवशी रविवार होता. मी डालग्यापाशीच बसून होतो. बारातली नऊ अंडी फुटली. सहा पिल्लं पिवळी निघाली, आणि दोन काळी, पोटाशी पांढुरकी. नववं तपकिरी, पाठीवर पट्टे. एका काळ्याच्या पाठीला टरफल चिकटलेलं होतं, ते मी माझ्या बोटानं काढलं. पिवळी पुढं पांढरी झाली. बाकीच्या तिघांत दोन काळ्या आणि एक तांबूस.

चैत्रात आई आली. खुराडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. कोंबडा पांढरा, कोंबडी पांढरी, मग काळी आली कुठून? काकूनं पांढऱ्या तलंगी बाजारात विकल्या आणि आपली गावरान त्यांच्या जागी ठेवली, हे तिनं मनाशी पक्कं केलं. काकू शपथा घेऊ लागली. आईनं मला विचारलं, "तू व्हतास ना घरी? तू सांग."

मी म्हणालो, "मला ठावं नाही. मी शाळेत व्हतो."

का म्हणालो? पाच महिन्यांनी आई दिसली होती. तिच्या हाताला कोयत्याचे घट्टे पडले होते. ती रडत होती, आणि मला तिच्या बाजूनं उभं राहायचं होतं. पाच महिने जिच्या हातची भाकरी खाल्ली, ती काकू माझ्याकडं नुसती बघत राहिली. एक शब्द बोलली नाही.

२००४ साली आई गेली. काकू मयताला आली, दारात उभी राहिली आणि मागं फिरली.

२०१६ ला शेतीला जोडधंदा म्हणून मी गावरान कोंबडीपालनाचं प्रशिक्षण घेतलं. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले एक डॉक्टर शिकवायला होते. मेंडेलनं वाटाण्यावर जे शोधलं, ते जनावरांनाही लागू पडतं हे इंग्लंडात बेटसननं १९०२ साली कोंबड्यांवरच दाखवलं, असं ते म्हणाले. मग फळ्यावर त्यांनी समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो.

प्रत्येक पिल्लाला रंगाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात, एक आईची, एक बापाची. लेगहॉर्नचा पांढरा म्हणजे रंग नसणं नव्हे. तो रंग झाकणारा पांढरा आहे. खाली काळा असतो, वरून चुना दिलेला. जातिवंत लेगहॉर्नपाशी झाकणाऱ्या दोन्ही चिठ्ठ्या, गावरान काळीपाशी एकही नाही. त्यांच्या पिल्लाला एक मिळते, आणि झाकायला एकही पुरते. म्हणून सगळी पांढरी. पण एकाच चिठ्ठीचा चुना पातळ पडतो, त्यातून काळा कुठं कुठं ठिपक्यासारखा फुटतो.

ठिपक्याचं ऐकलं आणि माझ्या हातातला पेन थांबला.

अशी दोन ठिपकेवाली एकत्र आली की चारात तीन पांढरी आणि एक रंगीत, असा हिशोब बसतो. रंगीत पिल्लाला झाकणारी चिठ्ठी दोन्हीकडून चुकलेली असते. एका उबवणीत हे प्रमाण पुढं-मागं होतं, पण पुष्कळ पिल्लं मोजली की चौथ्या हिश्श्याजवळ येतं. नवाचा चौथा हिस्सा सव्वादोन. आमची तीन होती. डॉक्टर असंही म्हणाले की पांढरा आणखी एका प्रकारचा असतो, दबून राहणारा. त्यात उलटं होतं, दोन रंगीतांच्या पोटी पांढरं निघतं. म्हणून पिसावरून कुणाचं कूळ ठरवू नये.

माझं मन तेवढ्यानं भरलं नाही. लेगहॉर्नचा कोंबडा विकत आणला आणि दोन काळ्या गावरान कोंबड्यांबरोबर जाळीत वेगळा ठेवला. १४ पिल्लं झाली, सगळी पांढरी, बहुतेकांवर तीट. त्यांचीच पुढची पिढी घेतली. दोन वर्षांत ४४ पिल्लं मोजली. ३२ पांढरी, १२ रंगीत. वही अजून जपून ठेवलीय.

ती वही आणि एक काळं पिल्लू घेऊन मी काकूकडं गेलो. तेव्हा तिनं ऐंशी गाठली होती, नजर अधू झालेली. मी सगळं सांगितलं, चिठ्ठ्या, चुना, चौथा हिस्सा. तिनं पिल्लू हातात घेतलं, चाचपलं, कानाशी धरलं.

म्हणाली, "मला काय सांगायलास हे? म्या बदलली न्हाईत, हे मला ठावंच व्हतं."

मग जरा थांबून म्हणाली, "आन् तू बी पाह्यलं व्हतंस. त्याच्या पाठीचं टरफल तूच काढलंस. तवा बोलला असतास, तर आज डाक्टर कशाला लागला असता?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. वही मिटून मी खाली बसलो. काकूनं सुनेला हाक मारली आणि चहा ठेवायला सांगितला. तो मी प्यालो. त्या घरातला तेवढ्या वर्षांतला माझा तो पहिला चहा.

ते पिल्लू मी तिथंच ठेवून आलो. त्याची पुढं चांगली काळी कोंबडी झाली. कुडाची भिंत मागच्या उन्हाळ्यात काढली. तशीही तिला वाळवी लागली होती.