आवाज फुटल्यावर

आपल्या संगीत नाटकांत एके काळीं स्त्रियांचीं कामें मुलगेच करीत. नाटक मंडळींना गोड गळ्याचा पोरगा हवा असे. तो सांपडला कीं त्याच्याकडून पदें घटवून घेत, लुगडें नेसून चालावयास शिकवीत, आणि प्रेक्षक त्यावर लुब्ध होत. पुढें चौदाव्या-पंधराव्या वर्षीं त्याचा आवाज फुटे. मग त्या मुलाचें काय झालें याची चौकशी फारसें कोणी करीत नसे.

अशांपैकींच एक भास्कर रघुनाथ बखले. १८६९ सालीं बडोदें संस्थानांतील कठोर गांवीं त्यांचा जन्म झाला. किर्लोस्कर नाटक मंडळींत ‘रामराज्यवियोग’ नाटकांतील कैकेयीच्या कामानें या मुलाचें नांव झालें. थोर बीनकार बंदे अली खां यांनाहि त्याच्या गळ्याचें कौतुक वाटलें. मग आवाज फुटला आणि टाळ्या थांबल्या. ज्याला केवळ टाळ्यांची गोडी लागलेली असते, त्याची गोष्ट येथें संपते. भास्करची संपली नाहीं. बडोद्यास फैज महंमद खां यांच्यापाशीं, पुढें आग्रा घराण्याचे नत्थन खां यांच्यापाशीं, आणि स्वतः गवयी म्हणून नांवारूपास आल्यावरहि अल्लादिया खां यांच्यापाशीं ते शिकत राहिले. प्रत्येकाची गायकी निराळी. म्हणजे प्रत्येक वेळीं हा फुटलेला गळा नव्यानें वळवावयाचा. पदवी मिळाली कीं पुस्तक मिटणाऱ्या आम्हां मंडळींस हें वाचून थोडा संकोच वाटतो.

यंदा ही हकीकत आम्हीं एका पालकांस सांगितली. त्यांचा मुलगा आमच्या नववींत आहे. आठवीपर्यंत संमेलनाच्या नाटकांतील मुख्य गाणें त्याचेंच असे. यंदा वरच्या पट्टींत जातांच गळा चिरकूं लागला, पोरें हंसलीं, आणि दुसरे दिवशीं त्यानें आपली वही आमच्या मेजावर आणून ठेविली. वडील म्हणाले, “मास्तर, देवानें दिलें होतें, गेलें. आतां तरी अभ्यासाला लागेल.” बोलतांना त्यांचे डोळे मात्र पाणावले होते, मुलाचें गाणें ऐकावयास ते पहिल्या रांगेंत बसत, हें आम्हांस ठाऊक होतें.

आम्हीं म्हटलें, “साहेब, आवाज गेला नाहीं, वाढतो आहे.” या वयांत कंठ मोठा होतो, स्वरतंतु लांब व जाड होतात, म्हणून मुलाचा आवाज सुमारें एक सप्तक खालीं उतरतो. बहुधा वर्ष-दोन वर्षांत तो स्थिरावतो. तोंवर ओरडून जुनी पट्टी गांठूं नये. खालच्या स्वरांत, हलकेंच गावें. परंतु आमच्या या शरीरशास्त्रापेक्षां पुढच्या शनिवारच्या तालमीनें त्यांचें अधिक समाधान केलें असावें. मुलगा न बोलावतां आला होता. त्याला सर्वांचीं भाषणें पाठ. विंगेंतून तो शब्द देत होता. सहावींतला एक चिमुरडा त्याच्या जुन्या गाण्यांत अडखळला, तेव्हां यानें त्याला बाजूस नेलें आणि आपल्या त्या घोगऱ्या आवाजांतच तीच ओळ दहा वेळां म्हणवून घेतली. वडील दारांत उभे राहून पाहात होते.

भास्करबुवांनींहि पुढें शिकविण्यांत आयुष्य वेंचलें. १९११ सालीं त्यांनीं पुण्यास भारत गायन समाज स्थापिला. बालगंधर्वांस त्यांनीं गायन शिकविलें, आणि १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांस चाली दिल्या. लहानपणीं ज्या रंगभूमीवरून ते उतरले, तिच्यावर असे ते स्वतः न दिसतां परत आले. १९२२ सालीं त्यांचें निधन झालें.

आमच्या विद्यार्थ्यास आठवड्यांतून दोन संध्याकाळीं नाट्यवर्गास जाण्याची परवानगी घरून मिळाली आहे. बीजगणिताचा गृहपाठ आधीं झाला पाहिजे, एवढीच अट. ती आम्हांसहि मान्य आहे.