दुहेरी रेघ

आधी तुझी रात्र गेली, दादा. दिवस पुष्कळ शिल्लक होता. विहिरीचा तळ, शाळेचा फळा, शेजारच्या आंब्यावरची नेमकी पाडाला आलेली कैरी, सगळं तुला आमच्याआधी दिसायचं. दिवेलागणीनंतर मात्र तू उंबऱ्याला अडखळायचास. गावात रोज संध्याकाळी वीज जायची आणि सगळेच चाचपडत फिरायचे. तुझा अंधार आमच्या अंधारात असा मिसळून गेला की कुणाच्या लक्षात येईतो तू दहावीला पोचलास. चांदण्या मोजताना तू नेहमी आमचाच आकडा सांगायचास, हेही तेव्हाच उमगलं.

दृष्टिपटलावर सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी असतात. अंधुक उजेडात पाहणं त्यांच्याकडे. शंक्वाकार पेशी जेमतेम ६० लाख. रंग, अक्षरं, माणसांचे चेहरे त्यांच्याकडे. रेटिनायटिस पिगमेंटोसा या तुझ्या आजारात जनुकातला दोष बहुतेकदा दंडाकार पेशींचा. त्या मरतात. शंक्वाकार पेशींनी कुणाचं काही केलेलं नसतं, तरी मागोमाग त्याही जातात. शास्त्रज्ञ याचं एक कारण सांगतात. दंडाकार पेशी प्राणवायूच्या मोठ्या खादाड. त्या गेल्या तरी मागून येणारं रक्त आपला ओघ आवरत नाही. जेवणारे उठून गेले आणि वाढपी वाढतोच आहे. तो न खपलेला प्राणवायूच मग मागे राहिलेल्यांना जाळू लागतो.

तुझा परीघ आत आत सरकत आला. आधी चेंडू गेला, मग सायकल, मग रस्ता ओलांडणं. शेवटी समोरच्याचा चेहरा उरला, तोही एका वेळी अर्धा.

शहरातल्या डॉक्टरांनी कागदावर वंशवृक्ष काढला होता. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. मावशी आणि काकांच्या मध्ये त्यांनी एकाऐवजी दोन रेघा ओढल्या. रक्ताच्या नात्यातल्या लग्नाची ती खूण. मावशी आतेभावाला दिलेली. मुलगी घरातच राहिली म्हणून आजोबांनी गावजेवण घातलं होतं. दोघांचे डोळे लख्ख. दोघांकडे त्या जनुकाची एकेक सदोष प्रत, आणि चारांत एकदा यावा तो योग तुझ्या वाट्याला आला. डॉक्टर बराच वेळ समजावत होते. मावशी त्या दोन रेघांकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "औषध लिहून द्या."

औषध नव्हतं. १९९३ साली हार्वर्डच्या एलियट बर्सन यांनी मांडलं, की रोज १५,००० युनिट 'अ' जीवनसत्त्व घेतलं तर ऱ्हास थोडा सावकाश होतो. गेलेलं परत येईल असं तेही म्हणाले नव्हते. मावशीला तेवढं पुरलं. यकृताच्या तपासण्या सांभाळून, रोज रात्री जेवण झालं की ती तुझ्या तळहातावर कॅप्सूल ठेवायची. लग्नघरात असो, प्रवासात असो, काकांच्या दहाव्याला असो. तू चाळिशी ओलांडलीस, चेहरेही गेले, उजेड आहे की नाही एवढंच कळायचं, तरी कॅप्सूल चालूच. मी एकदा विचारलं, आता कशाला? तू म्हणालास, "आईचं औषध आहे ते. मी नुसता गिळतो."

२०१७च्या डिसेंबरात अमेरिकेत लक्स्टर्नाला मान्यता मिळाली. विषाणूच्या पाठीवरून चांगलं जनुक थेट दृष्टिपटलाखाली पोचवायचं. याच वाटेनं लान्सलॉट नावाचा जन्मांध ब्रियार्ड कुत्रा पाहू लागल्याची बातमी २००१ साली आली होती. लक्स्टर्नाची दोन्ही डोळ्यांसाठीची किंमत तेव्हा साडेआठ लाख डॉलर होती. मावशीनं खरोखर सातबारे काढून हिशेब मांडला. पण ते औषध आरपीई६५ या एकाच जनुकासाठी, आणि पेशी पुरेशा जिवंत असतील तरच. या आजाराला कारण होणारी जनुकं ८०हून जास्त; तुझा दोष भलत्याच जनुकात निघाला. जमीन वाचली याचं इतकं दुःख झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग तू गेलास, डोळ्यांशी काही संबंध नसलेल्या कारणानं. त्यानंतर २०२३ साली दोन गोष्टी झाल्या. कफ पातळ करणारी, पाण्यात फसफसणारी ती एन-ॲसिटिलसिस्टीनची साधी गोळी; प्राणवायूच्या त्या जाळापासून शंक्वाकार पेशी तिच्यामुळे वाचतात का, हे पाहणारी मोठी चाचणी सुरू झाली. आणि बर्सन यांच्या रुग्णांच्या जुन्या नोंदी जनुकांच्या माहितीसह पुन्हा तपासल्या गेल्या. 'अ' जीवनसत्त्वानं ऱ्हास मंदावल्याचं त्यांत दिसलं नाही.

पहिली गोष्ट मी मावशीला सांगितली. तिनं नाव मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, कुणाला लागलं तर म्हणून. मग म्हणाली, "आणि आपल्या त्या कॅप्सूलचं काय म्हणतात हल्ली?"

मी म्हटलं, "अजून देतात, मावशी."