कंसात काय नसावं

यावल तालुक्याविषयीच्या मजकुरात गावं, माणसं, सालं यांना चौकटी कंसातले टॅग लावायचे आणि मग ते संगणकाकडून शोधून घ्यायचे, या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे मजकूर शोधायचा नमुना, लिहिताना कंसात कोणती अक्षरं येतील हे सांगू नये. काय येणार नाही तेवढं सांगावं. सरावाचा नमुना ‘शब्दात चालणारं अक्षर’ या तयार गटावर उभा असतो. पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलमध्ये त्या गटात अक्षरं, अंक आणि अधोरेषा बसतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण यांची युनिकोडमधली जातच वेगळी, म्हणून ती सगळी बाहेर राहतात. ‘फैजपूर’चे तीन तुकडे पडतात: फ, जप, र. [गाव] हा टॅग तर सापडतच नाही, कारण ग पुढच्या कान्यावर शोध अडतो, आणि चूक झाल्याची सूचनाही येत नाही. पर्ल ही संगणकभाषा मात्र ही चिन्हं शब्दातच धरते. मराठी मजकुराची भिस्त अशा गटावर ठेवणं मला मुळीच पटत नाही.

त्यापेक्षा `\[[^\[\]]+\]` लिहावं: उघडता कंस, पुढे कंस सोडून काहीही, मग मिटता कंस. यावर कुणी म्हणेल, `\[.*?\]` याहून सोपं आहे, आणि तेही मात्रांना अडत नाही. खरं आहे. पण ‘[गाव फैजपूर [साल]’ असा कंस मिटायचा राहिला की तो नमुना सगळं एकाच टॅगमध्ये गिळतो, पहिला फक्त [साल] उचलतो आणि चूक उघडी पडते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, तो टॅगमधल्या टॅगचा. उदाहरणार्थ, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन १९३६ साली फैजपूरला, टिळकनगरात झालं. ते ‘[जागा]टिळकनगर, [जागा]फैजपूर[/जागा][/जागा]’ असं लिहिलं, तर `\[जागा\](.*?)\[/जागा\]` बाहेरचा आरंभ आतल्या शेवटाशी जोडतो. गणितज्ञ क्लीनीने मांडलेल्या मूळ रेग्युलर एक्सप्रेशनला हवी तितकी खोली मोजता येत नाही. किती कंस उघडे आहेत हे लक्षात ठेवायला त्यात जागाच नाही. पर्लमध्ये स्वतःलाच पुन्हा बोलावणारा नमुना लिहिता येतो, पण तो महिन्याभराने वाचणाऱ्याचे हाल होतात. मी नमुन्याने सुटे टॅग वेचावेत आणि जोड्या साध्या रचीवर (स्टॅकवर) सोपवाव्यात या मताचा आहे: आरंभ आला की वर ठेवायचा, शेवट आला की वरचा काढून नाव ताडायचं. नाव जुळलं नाही, तर ओळ क्रमांकासह ती जागा माणसापुढे ठेवायची.